जुनी जीप उंच करावी, ती कशी ?

(नभोवाणीवरील भाषण)

आजच्या भाषणाचा विषय कांहींजणांना गॅरेजांतला वाटेल, आणि तो तसा आहेही. परंतु मराठवाड्यांत शेती आणि शहरांत बिऱ्हाड अशा पुष्कळ कुटुंबांच्या वाड्यांत एखादी जुनी जीप आजही उभी असते. ती आजोबांनीं किंवा वडिलांनीं घेतलेली असते. मोडीच्या भावानें तिची किंमत फारशी होत नाहीं. तरीही ती विकावयाची गोष्ट निघाली कीं घरांतलीं वडील माणसें जेवणावरून उठतात. पुढें घरांतला एखादा तरुण ती दुरुस्तीला घेतो. यंत्र उघडलें जातें, रंग होतो, आणि मग एके दिवशीं तो म्हणतो, "आतां ही थोडी उंच केली पाहिजे." हा "थोडी उंच" करण्याचा प्रश्न दिसतो तितका साधा नाहीं. मीं तो एकदां चुकीच्या रीतीनें सोडविला, आणि त्याची खूण माझ्या पुतण्याच्या कपाळावर अजून आहे. तेव्हां याविषयीं बोलण्याचा मला थोडासा अधिकार आहे, असें मी समजतों.

आमची जीप १९६२ सालची, उंच बॉनेटची, सी-जे-३-बी जातीची आहे. दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकेंत सहा लाखांहून अधिक जीपा तयार झाल्या. त्याच घडणीची नागरी जीप १९४९ मध्यें मुंबईस माझगांव येथें जुळविली जाऊं लागली. पुढें यंत्रें बदललीं, नांवें बदललीं, परंतु एक जाड लोखंडी आंस आणि त्याला बांधलेल्या पोलादी पाट्यांच्या कमानी ही मूळ बैठक अनेक दशकें टिकली. १९८५ मध्यें निघालेल्या मारुतीच्या जिप्सीची बैठकही पुढेंमागें अशाच कमानींवर होती. माझें आजचें बोलणें या कुळांतल्या गाड्यांपुरतेंच आहे. अलीकडच्या थारचीं पुढचीं चाकें स्वतंत्रपणें वरखालीं होतात. तिचा हिशेब निराळा.

आमचें शेत हिंगोलीजवळ, कयाधू नदीच्या बाजूस आहे. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजीं परभणींतून वेगळा झाला. उत्तरेच्या अंगाला पैनगंगा, दक्षिणेच्या अंगाला पूर्णा आणि मधून कयाधू असा हा मुलूख आहे. औंढ्याकडे मुरमाड टेकड्या, तर वसमतकडे हळदीची काळी, भारी जमीन. पावसाळ्यांत ही काळी जमीन पाणी पिऊन फुगते आणि चाकाला अशी लपेटते कीं, टायरच्या नक्षींतल्या खांचा बुजून चाक मडक्यासारखें गुळगुळीत होतें. उन्हाळ्यांत तीच आकसून भेगाळते, आणि पावसांत ट्रॅक्टरांनीं पाडलेल्या चाकोऱ्या दगडासारख्या घट्ट होऊन बसतात. ट्रॅक्टरच्या दोन चाकांतलें अंतर आणि जीपच्या दोन चाकांतलें अंतर बहुधा जुळत नाहीं. त्यामुळें जीपचें एक चाक चाकोरींत आणि दुसरें मधल्या उंचवट्यावर, अशी ती कलती चालते. चाकोरी सोडूं नये असा उपदेश आम्हीं लहानपणीं ऐकला होता. जीप हातीं आल्यावर त्याच्या उलट शिकावें लागलें.

अशा वाटेवर जीप अडते ती नेमकी कुठें, हें एकदां जमिनीवर आडवें पडून पाहावें. पुढच्या आणि मागच्या आंसावर, मध्यापासून किंचित् बाजूला, एक मोठा लोखंडी गोळा दिसेल. यंत्राची शक्ति डाव्या-उजव्या चाकांना वांटून देणारीं दांतेरी चक्रें त्यांत असतात. कारागीर त्याला डिफरन्शियल म्हणतात. चाकांच्या मधल्या भागांत जमिनीच्या सर्वांत जवळ असतो तो हाच. चाकोऱ्यांमधला उंचवटा घासतो तो यालाच, आणि टेकडीवरचा दगड आपटतो तोही यालाच.

आतां मुख्य गोष्ट सांगतों. हा गोळा आंसाचाच एक भाग आहे आणि आंस चाकांत अडकविलेला आहे. म्हणून कमानी कितीही उंच केल्या तरी गोळा जमिनीपासून केसभरही वर येत नाहीं. वर जातो तो गाडीचा सांगाडा, आणि त्यावर बसलेलीं माणसें. गोळा वर न्यावयाचा तर चाकाचा घेर वाढविणें हा एकच मार्ग. मूळचें ६.००-१६ मापाचें टायर काढून ७.००-१६ मापाचें घातलें तर व्यास सुमारें दोन इंचांनीं वाढतो; त्यांतला अर्धाच आंसाच्या खालीं येत असल्यामुळें लाभ होतो तो सुमारें एक इंचाचा. त्या एका इंचासाठीं जुन्या यंत्राला जड चाक ओढावें लागतें, ब्रेकला तें अडवावें लागतें, आणि वेगाचा कांटा खऱ्या वेगाहून कमी वेग दाखवूं लागतो.

मग कमानी उंच करून मिळतें काय ? मोठ्या टायरला वळतांना आणि उडतांना जागा मिळते. सांगाड्याखालची पेटी आणि धुराची नळी दगडांपासून दूर राहते. धुरा ओलांडतांना गाडीचें पोट टेकत नाहीं. परंतु या जीपच्या पुढच्या-मागच्या आंसांतलें अंतर अवघें ८० इंच. एवढ्या आंखूड गाडीचें पोट सहसा टेकतच नाहीं. लांब गाडीच्या मालकानें या लाभासाठीं जें मोल द्यावें, तें आंखूड जीपच्या मालकानें देण्याचें कारण नाहीं.

आणखी एक प्रश्न आधीं विचारला पाहिजे, आणि तोच बहुतेक कोणी विचारीत नाहीं. गाडी मूळची होती तेवढी तरी उंच आज आहे काय ?

ज्यांनीं टांगा पाहिला आहे त्यांना कमान समजावून सांगावयास नको. एकावर एक ठेवलेले, वरून खालीं आंखूड होत गेलेले पोलादी पाटे, मधोमध एका खिळ्यानें जखडलेले. दोन्ही टोकें सांगाड्याला, मध्य आंसाला. धक्का बसला कीं बाक उतरतो आणि पाटे एकमेकांवर घसरतात. धक्का ओसरला कीं बाक परत येतो. साठ वर्षें असें उठबस केल्यावर पोलाद थकतें. बाक हळूहळू उतरतो, आणि मालक म्हणूं लागतो कीं गाडी बुटकी आहे. कमान काढून तिच्या दोन टोकांच्या डोळ्यांमध्यें सुतळी ताणून धरावी आणि मधोमध बाक किती खोल आहे तो मोजावा. डाव्या-उजव्या कमानींची तुलना करावी. आमच्या जीपच्या कमानी मीं अशा मोजल्या, तेव्हां एका बाजूची पाऊण इंच आणि दुसऱ्या बाजूची सव्वा इंच बसलेली निघाली. दुर्दैवानें हें माप मीं अपघातानंतर घेतलें.

अपघाताची हकीकत अशी. गाडी उंच करण्याची सर्वांत स्वस्त रीत म्हणजे शॅकलच्या पट्ट्या लांब करणें. कमानीचें एक टोक सांगाड्याला पक्कें बसविलेलें असतें. दुसरें टोक दोन लहान पट्ट्यांच्या झोक्यावर लोंबतें, कारण बाक उतरला कीं कमानीची लांबी वाढते आणि त्या टोकाला मागेंपुढें होण्यास वाव लागतो. या झोक्याला शॅकल म्हणतात. त्याच्या पट्ट्या लांब केल्या कीं सांगाडा वर जातो. पण आंस कमानीच्या मध्याला असल्यामुळें पट्टी जितकी वाढवावी त्याच्या निम्मीच उंची मिळते. मला दोन इंच हवे होते, म्हणून मीं चार इंच लांब पट्ट्या करविल्या. लोखंड आणि मजुरी धरून खर्च इतका थोडा आला कीं, इतरांना हें कसें सुचलें नाहीं याचें मला नवल वाटलें.

सुचलें अनेकांना असेल. त्यांनीं तें कां केलें नाहीं, हें मला पुढें कळलें. सायकलचा पुढचा चिमटा सरळ उभा नसतो, तो मागें रेललेला असतो. त्यामुळें चाक जमिनीला जेथें टेकतें तें ठिकाण वळण्याच्या अक्षाच्या मागें पडतें, आणि चाक आपोआप सरळ धांवतें. सराईत मुलें दोन्ही हात सोडून सायकल चालवितात, त्यांत या रेलण्याचा मोठा वांटा आहे. जीपच्या पुढच्या चाकांचा अक्षही असाच मागें रेललेला असतो, सुमारें ३ अंश. आमच्या जीपच्या पुढच्या कमानीचा झोका तिच्या पुढच्या टोकाला आहे. तें टोक चार इंच खालीं गेलें म्हणजे सुमारें ३६ इंच लांबीची ती कमान पुढें झुकली, आणि तिच्याबरोबर आंसही फिरला. चारास छत्तीसनें भागून कोन काढला तर तो सहा अंशांहून थोडा अधिक भरतो. म्हणजे तीन अंश मागें रेललेला अक्ष तीन अंश पुढें झुकला. चाकांचा सरळ राहण्याचा स्वभावच मीं चार पट्ट्यांनीं उलटा करून ठेवला होता.

गांवांतल्या सावकाश वेगांत हें जाणवलें नाहीं. पुढच्या सोमवारीं आम्ही औंढ्यास नागनाथाच्या दर्शनाला गेलों. परततांना उतार होता, रस्ता चांगला होता, म्हणून वेग थोडा वाढला. एका खड्ड्यांतून चाक गेलें, आणि सुकाणूचें चक्र माझ्या हातांत असें फिरूं लागलें कीं जणूं तें दुसराच कोणी धरून आहे. उजवीकडे वळवावें तर गाडी वळतच राही. परत आणावें तर डावीकडे पळे. शेवटीं ती रस्ता सोडून एका बाभळीला टेकून थांबली. मागें आई बसली होती, तिला कांहीं झालें नाहीं. पुतण्याचें कपाळ समोरच्या दांड्यावर आपटलें आणि तीन टांके पडले. समोरून कोणतें वाहन येत नव्हतें, एवढेंच आमचें भाग्य. पट्ट्या करून देणाऱ्या कारागिराला मी दोष देत नाहीं. त्यानें मागितलें तसें दिलें. मागणाऱ्यानें त्रिकोणाचा हिशेब शाळेंतच टाकून दिला होता.

झोका अर्धापाऊण इंच लांब केला तर आंसाखालीं पाचर देऊन कोन सुधारतां येतो, हें खरें आहे. परंतु लांब पट्ट्या कमानीला आडवेंही हलूं देतात, आणि जुन्या बुशांमध्यें ढिलेपणा असला तर तो दुणावतो. उंची मिळविण्याचा हा मार्ग पुढच्या चाकांसाठीं मी तरी कोणाला सुचविणार नाहीं.

दुसरी रीत ठोकळ्यांची. मालवाहू गाड्यांच्या मागल्या आंसावर, कमान आणि आंस यांच्यामध्यें लोखंडी ठोकळा बसवितात, तें पाहून जीपलाही तसेंच करावें असें पुष्कळांच्या मनांत येतें. पण मूळच्या जीपची आणि जिप्सीची कमान आंसाच्या खालून जाते, वरून नव्हे. तेथें मध्यें ठोकळा घातला तर गाडी उंच न होतां खालीं बसेल ! ही चूक करणारा भेटला तर हंसूं नये. मीही पट्ट्यांऐवजीं ठोकळ्यांपासून सुरुवात केली असती तर पुतण्याचें कपाळ वांचलें असतें. ज्या गाडीची कमान आंसाच्या वर आहे तेथें ठोकळा मागल्या आंसाला चालतो. पुढच्या आंसाला तो कधीं देऊं नये, कारण ब्रेक लावतांना आणि वळतांना पडणाऱ्या जोरानें तो निसटला तर सुकाणूच हातचें जातें.

तिसरी रीत तरुण मंडळींची आवडती आहे. खालून जाणारी कमान काढून ती आंसाच्या वर बांधावयाची. आंसाच्या नळीची जाडी आणि कमानीची जाडी मिळून गाडी एकदम पांच इंचांच्या आसपास वर जाते, आणि मूळच्याच मऊ कमानी राहिल्यामुळें चाकें खड्ड्यांत छान उतरतात. छायाचित्रांत अशी जीप फार रुबाबदार दिसते. पण तिच्या खालीं काय घडतें तें पाहा. यंत्राकडून मागल्या आंसाकडे फिरती शक्ति नेणारा दांडा या आंखूड जीपमध्यें मुळांतच लहान असतो. तो उदाहरणापुरता २० इंच धरला, तर दोन इंच उंचीनें त्याचा उतार सुमारें ६ अंशांनीं वाढतो, पांच इंचांनीं सुमारें १४ अंशांनीं. त्याच्या टोकांचे सांधे तिरके फिरूं लागले कीं प्रत्येक फेऱ्यांत त्यांची गति कमीजास्त होते. दोन्ही टोकांचे कोन सारखे असतील तर हा दोष एकमेकांत फिटतो, नाहीं तर गाडी थरथरते आणि सांधे झिजतात. म्हणून आंसावर नव्या बैठका बिनचूक कोनांत वेल्ड कराव्या लागतात. सुकाणूच्या पेटीपासून आंसाकडे जाणारा दांडा उभट होतो. मग खड्ड्यांत चाक वर गेलें कीं हात न हलवितां गाडी वळते. तोही नव्यानें करावा लागतो. ब्रेकच्या नळ्या आंखूड पडतात, शॉक-अॅब्सॉर्बर आंखूड पडतात. हें सारें नीट केलें, तरी जें उरतें तें कोणत्याही कारागिराला दुरुस्त करतां येत नाहीं. तें म्हणजे कलण्याची भीति.

या जीपच्या डाव्या-उजव्या चाकांतलें अंतर सुमारें ४८ इंच; म्हणजे मध्यापासून प्रत्येक बाजूला २४. सगळ्या वजनाचा मध्य जमिनीपासून २६ इंचांवर आहे असें समजा. तर गाडी कडेला ४२-४३ अंश कलेपर्यंत तोल राहतो. तोच मध्य पांच इंच वर गेला तर ही मर्यादा ३८ अंशांच्या आंत येते. आंस जागचे हलत नसल्यामुळें प्रत्यक्षांत मध्य थोडा कमी चढतो, हें खरें. परंतु कमानी एका बाजूला दबून गाडी आणखी कलते, तो तोटा या हिशेबांत धरलेलाच नाहीं. ज्या वाटेवर एक चाक चाकोरींत आणि एक उंचवट्यावर असें रोजच चालावें लागतें, आणि मागच्या बाकांवर घरचीं माणसें समोरासमोर बसतात, तेथें हे चार-पांच अंश फुकट घालविण्यासारखे नाहींत. मारुतीनेंही १९९३ मध्यें जिप्सीच्या चाकांतलें अंतर ९० मिलीमीटरनें वाढविलें होतें.

सांगाडा आणि वरची पत्र्याची पेटी यांच्यामध्यें ठोकळे घालून पेटी तेवढी उचलण्याचीही एक रीत आहे. तिनें मोठ्या टायरला जागा होते, बाकी कांहीं बदलत नाहीं. आहे त्या कमानींत एखादा पाटा वाढविण्याची रीत याहून बरी, मात्र तो पाटा लांब आणि इतरांच्या बाकाशीं जुळणारा हवा. आंखूड आणि जाड पाटा घातला कीं कमान ताठते, चाकें खड्ड्यांत उतरत नाहींत आणि मागें बसणाराची कंबर बोलूं लागते. जुन्याच पाट्यांना हातोड्यानें बाक देऊन घेणारेही पुष्कळ आहेत. थंड पोलादाला दिलेला बाक लवकरच उतरतो, आणि भट्टींत तापवून दिला तर पुन्हा नीट पाणी चढविणारा कारागीर पाहिजे. नाहीं तर पाटा मऊ पडतो किंवा कांचेसारखा तुटतो.

सगळ्यांत सरळ मार्ग म्हणजे पूर्ण नव्या कमानी. ज्याला उंची वाढवावयाचीच आहे त्यानें अधिक बाकाच्या नव्या कमानी घ्याव्या आणि दोन इंचांवर थांबावें. तेवढ्यांत फिरता दांडा आणि सुकाणू यांचे कोन पाचरींनीं व किरकोळ फेरफारांनीं ताब्यांत राहतात. काम झाल्यावर सांगाडा जॅकवर उचलून चाकें पूर्ण लोंबूं द्यावीं, आणि ब्रेकची नळी ताणली जाते काय, शॉक-अॅब्सॉर्बर कमानीच्या आधीं संपतो काय, हें डोळ्यांनीं पाहावें. जुने यू-बोल्ट पुन्हा वापरूं नयेत.

पण त्याआधीं कायदा. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या ५२ व्या कलमाप्रमाणें, निर्मात्यानें ठरविलेल्या मूळ स्वरूपाशीं विसंगत असा फेरफार मालकाला आपल्या मनानें करतां येत नाहीं. सर्वोच्च न्यायालयानें जानेवारी २०१९ च्या निकालांत हें निःसंदिग्धपणें सांगितलें. त्याच वर्षींच्या दुरुस्तीनें आलेलें कलम १८२-अ अशा प्रत्येक फेरफारामागें पांच हजार रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद करतें. आमच्या एम-एच ३८ च्या जुन्या गाड्यांना ठराविक मुदतीनें नोंदणी वाढवून घेण्यासाठीं तपासणीस जावेंच लागतें. शिवाय अपघात झाला तर विमा कंपनी आधीं गाडीच्या खालीं वांकून पाहते. म्हणून दोन इंचांचासुद्धां विचार असेल तर परिवहन कार्यालयांत आधीं विचारावें. थकलेल्या कमानींच्या जागीं निर्मात्याच्या मापाच्या नव्या कमानी घालणें ही मात्र निव्वळ दुरुस्ती आहे.

मीं शेवटीं तेवढेंच केलें. चारही कमानी मूळ मापाच्या नव्या घातल्या, बुश नवे घातले, टायरें ६.००-१६ चींच पण खोल नक्षीचीं घेतलीं. गाडी एका बाजूनें पाऊण आणि एका बाजूनें सव्वा इंच वर आली, आणि पहिल्यांदाच दोन्ही बाजूंनीं सारखी उभी राहिली. चाकोरींतल्या उंचवट्याला गोळा अजून कधीं कधीं लागतो. तेव्हां उतरून फावड्यानें चार ढेपा बाजूला करतों, किंवा धुऱ्याच्या कडेनें दुसरी वाट धरतों. फरशीवरून पाणी वाहत असलें तर पलीकडे जाण्याचा विचारच करीत नाहीं. शे-दीडशें किलोमीटर चालल्यावर यू-बोल्ट पुन्हा एकदां आंवळले, त्या वेळीं पाना धरावयास पुतण्याच होता.

त्या चार इंची लांब पट्ट्या अजून गोठ्यांतल्या खुंट्यांना टांगलेल्या आहेत. चऱ्हाटें अडकवावयास त्या फार सोयीच्या पडतात.